डॉक्टर व्हायचं नाही, मग बायोलॉजी घेऊ का?

तुझा प्रश्न मला समजला तो असा, की शाळेत बायोलॉजी आवडते पण डॉक्टर व्हायचं नाही, घरचे म्हणतात मग ती घेऊन उपयोग काय, मैत्रिणी म्हणतात नुसतं पाठांतर आहे, आणि अगदी शेवटी तू एका ओळीत लिहिलंयस की गणित नको वाटतं म्हणूनही बायोलॉजीकडे ओढा आहे. या सगळ्यावर बोलते, उत्तर लांबेल, पण हा विषय मला इतका जवळचा आहे की तुटक लिहिणं जमणार नाही. मी १४ वर्षं हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी, म्हणजे जिवाणू तपासणाऱ्या लॅबमधे काम केलंय आणि गेली ११ वर्षं शाळेत बायोलॉजी शिकवतेय, म्हणजे विषय वापरून पोट भरण्याची बाजूही बघितली आणि शिकवण्याचीही.

सरळ उत्तर आधी देते. आवडत असेल तर नक्की घे. गणितापासून सुटका म्हणून घेणार असशील तर मात्र जरा थांब, त्यावर खाली लिहिते.

पाठांतराचं बोलू. ही तक्रार खोटी नाही, बऱ्याच ठिकाणी विषय तसाच शिकवला जातो आणि परीक्षाही तशीच घेतली जाते, त्यामुळे मुलं म्हणतात त्यात त्यांची चूक नाही. पण पाठांतर हा बायोलॉजीचा फक्त वरचा पापुद्रा आहे, आणि पापुद्र्यावरून आठवलं म्हणून पहिल्या प्रॅक्टिकलचंच सांगते. कांद्याची जाड पाकळी मोडायची, आतल्या बाजूने एक पारदर्शक पापुद्रा सुटतो तो चिमट्याने ओढायचा, काचेवर पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडता पसरायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा आणि कव्हरस्लिप, म्हणजे वरून झाकायची पातळ काच, एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडायची. इथे घाई केली की खाली हवा अडकते. मग मायक्रोस्कोपमधे काळ्या जाड कडेचे मस्त गोल गोल आकार दिसतात आणि दरवर्षी न चुकता चार-पाच जण ओरडतात, "मॅडम, पेशी दिसल्या!" मी लगेच चूक काढत नाही. मी विचारते की हे गोल आहेत आणि मागे विटा रचल्यासारखे फिकट आकार आहेत, मग दोन्हीपैकी पेशी कुठल्या? गोलाच्या आत काही दिसतंय का? काच किंचित दाबली तर गोल हलतो का? मग पोरं परत डोळा लावतात, आणि दोन मिनिटांनी कोणीतरी हळूच म्हणतं की हे तर बुडबुडे आहेत. त्या दोन मिनिटांत जे होतं ना, ती बायोलॉजी.

पुढचा भाग आणखी महत्त्वाचा आहे. आता बघितलेलं वहीत काढा म्हटलं की निम्म्या वह्यांमधे हिरवे ठिपके काढलेले असतात, हरितलवकं, म्हणजे पानांना हिरवा रंग देणारे पेशीतले कण. अगं पण कांद्याच्या त्या पापुद्र्यात हरितलवक नसतंच, तो भाग मातीखाली अंधारात वाढतो, तिथे ते असण्याचं कारणच नाही. पुस्तकातल्या वनस्पती पेशीच्या आकृतीत मात्र ते असतं, म्हणून मुलं ते काढतात. डोळ्यांनी एक बघितलं आणि हाताने दुसरंच काढलं. माझ्या मते शाळेतल्या बायोलॉजीतून एकच गोष्ट पक्की शिकून बाहेर पडलीस तरी चालेल, ती म्हणजे समोर जे आहे ते बघायचं आणि तेच लिहायचं, आणि पुस्तकाशी जुळलं नाही तर विचारायचं की का जुळत नाही. ऐकायला सोपं वाटतं पण मोठमोठ्या लोकांनाही हे अवघड जातं.

उदाहरण देते. १९७९ मधे ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला पोटाच्या अस्तराच्या तुकड्यांमधे वाकडे वाकडे जिवाणू दिसायला लागले. पोटातल्या ॲसिडमधे जिवाणू टिकतच नाहीत असं तेव्हा सगळे मानायचे, त्यामुळे दिसले तरी 'बाहेरून आले असतील' म्हणून सोडून देणं अगदी सोपं होतं. वॉरेन यांनी सोडलं नाही, ते बघत राहिले, नोंदत राहिले, मग १९८१ मधे बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्यासोबत आला. जिवाणू वाढवायचे प्रयत्न मात्र फसत होते कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्लेट, म्हणजे जिवाणू वाढवायची खाद्य भरलेली चपटी बशी, टाकून द्यायची पद्धत होती. १९८२ मधे ईस्टरच्या सुट्टीत काही प्लेट्स इनक्युबेटरमधे, म्हणजे उबदार पेटीत, पाच दिवस तशाच राहिल्या आणि त्यांच्यावर वाढ दिसली, हा जिवाणू मुळात सावकाश वाढणाराच होता. पोटातल्या बहुतेक अल्सरमागे ताण आणि तिखट नसून हा हेलिकोबॅक्टर पायलोरी आहे, आणि ॲन्टिबायोटिकने अल्सर बरा करता येतो, हे त्यातून पुढे आलं. २००५ चं नोबेल त्या दोघांना मिळालं. मी स्वतः अशा प्लेट्स हजारोंनी हाताळल्यात, त्यामुळे ही गोष्ट सांगताना मला अजून काटा येतो, कारण सुट्टीहून आल्यावर उघडूनही न बघता फेकलेली प्लेट कशी असते ते मला माहीत आहे.

तरीही नावं तर लक्षात ठेवावी लागतातच ना, असं तू म्हणशील. हो, लागतात. पण नाव फोडून बघायची सवय लाव, मग अर्धं ओझं जातं. पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग, मायटोकॉन्ड्रिया घे. ग्रीकमधे मायटॉस म्हणजे धागा आणि कॉन्ड्रिऑन म्हणजे कण, आणि आपल्याकडे त्याला म्हणतात तंतुकणिका, म्हणजे शब्दाला शब्द तोच अर्थ! ज्याने नाव दिलं त्याला ते धाग्यांसारखं आणि कणांसारखं दिसलं, म्हणून ते नाव. क्लोरोफिल म्हणजे हिरवं पान, कीटक, खेकडे यांचा गट आर्थ्रोपोडा म्हणजे सांधे असलेले पाय, मराठीत संधिपाद. नाव म्हणजे कोणीतरी बघून केलेलं छोटंसं वर्णन असतं एवढं एकदा कळलं की घोकायची गरज कमी होते. आकृत्यांचंही तसंच आहे, पुस्तक समोर ठेवून दहा वेळा काढण्यापेक्षा पुस्तक मिटून एकदा काढ, कुठे अडलं ते बघ, दोन दिवसांनी परत काढ. एवढंच करणारी मुलं माझ्या वर्गात न घोकता चांगले मार्क मिळवतात.

आणि प्रत्येक धड्यात स्वतःला एक प्रश्न विचारत जा, "हे कळलं कसं?" मी वर्गात विचारते की बी एवढंसं, झाड एवढं मोठं, मग झाडाचं हे सगळं वजन आलं कुठून? जवळजवळ सगळे म्हणतात मातीतून. मग मी यान व्हॅन हेल्मॉन्ट यांचा प्रयोग सांगते, १६४८ मधे छापला गेलेला. त्यांनी २०० पौंड सुकी माती कुंडीत भरली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं आणि माती कमी झाली फक्त २ औंस. म्हणजे मातीतून नाही! त्यांनी निष्कर्ष काढला की सगळं वजन पाण्यातून आलं, तो चुकीचा होता, कारण झाडाच्या सुक्या वजनाचा बहुतेक भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनतो आणि ते कळायला पुढे बराच काळ जावा लागला. पण मोजमाप बरोबर होतं म्हणून चूक पुढे दुरुस्त करता आली. हे ऐकल्यावर प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण पाठ करावं लागत नाही, लाकडाच्या ओंडक्याकडे बघितलं तरी आठवतं की हे हवेतून आलंय.

आता गणित. हा मुद्दा तू हळूच लिहिलास पण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. बघ, ग्रेगोर मेंडेल व्हिएन्नाला भौतिकशास्त्र आणि गणित शिकून आले होते आणि मग १८५६ पासून त्यांनी वाटाण्यावर काम केलं. त्यांच्याआधीही लोकांनी झाडांचे संकर केले होते, वेगवेगळी रोपं येतात हे त्यांनाही दिसत होतं, पण ती मोजली मेंडेलनी. दुसऱ्या पिढीत गोल बिया ५,४७४ आणि सुरकुतलेल्या १,८५०, भागून बघ, २.९६ येतं, म्हणजे जवळपास ३ ला १. अख्खं अनुवंशशास्त्र त्या भागाकारातून निघालंय. १८६६ मधे त्यांचा लेख छापला गेला, आणि १९०० मधे तो लोकांना पुन्हा सापडेपर्यंत त्याची किंमत फारशी कोणाला कळलीच नाही.

किंवा लॅबमधलं साधं उदाहरण. ई. कोलाय हा जिवाणू चांगल्या परिस्थितीत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार, आठ तासांत २४ वेळा दुप्पट म्हणजे एका जिवाणूचे १ कोटी ६७ लाखांच्या वर. म्हणूनच युरिनचं सॅम्पल टेबलावर दोन-तीन तास पडून राहिलं तर रिपोर्ट बिघडतो, फ्रीजमधे का ठेवायचं ते यातून कळतं, आणि हे गणित ज्याच्या अंगात मुरलंय तो सॅम्पल विसरत नाही. तुला फार अवघड गणित लागणारच असं नाही. टक्केवारी, गुणोत्तर, ग्राफ वाचणं, शक्यता म्हणजे प्रोबॅबिलिटी आणि थोडं स्टॅटिस्टिक्स, एवढं मात्र घट्ट हवं. केमिस्ट्रीही सोडू नकोस, ती सोडलीस तर पेशीच्या आत काय चाललंय ते तुला कायम धुक्यातून दिसल्यासारखं दिसेल. गणित सोडायचा पर्याय असेल तर निदान आत्ताच सोडू नको, मिळेल तितका काळ दोन्ही चालू ठेव, कारण नंतर बायोलॉजी सोडणं सोपं असतं पण सुटलेलं गणित परत पकडणं फार जड जातं.

घरच्यांच्या प्रश्नावर येते, की डॉक्टर नाही तर मग काय. यादी देण्यापेक्षा एक खरी घडलेली गोष्ट सांगते, त्यात किती कामं आहेत ते तूच मोज.

१९९० च्या दशकात भारत, पाकिस्तान आणि नेपाळमधली गिधाडं भराभर मरायला लागली, माना खाली टाकून झाडांवर बसलेली दिसायची आणि मग मेलेली सापडायची. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती, त्यांनीच परत मोजली तेव्हा आकडे कोसळले होते. आधीची मोजणी नसती तर 'पूर्वी जास्त होती वाटतं' एवढंच बोलणं झालं असतं. मग पाकिस्तानात लिंडसे ओक्स या पशुवैद्यकीय मायक्रोबायोलॉजिस्टच्या टीमने मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन सुरू केलं. आत काय दिसलं, तर यकृतावर, हृदयावर पांढरा खडूसारखा थर. तो होता युरिक ॲसिडचा. आता आठव, शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते की पक्षी नायट्रोजनयुक्त कचरा युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतात, आपण ती एक मार्काची म्हणून वाचतो आणि पुढे जातो. तो थर अवयवांवर साचलाय याचा अर्थ मूत्रपिंडं बंद पडली होती. का बंद पडली? व्हायरस तपासले, जिवाणू तपासले, कीटकनाशकं, शिसं-पाऱ्यासारखे जड धातू तपासले, काही सापडेना. मग कोणीतरी उलट्या बाजूने विचार केला, की गिधाडं खातात काय, तर मेलेली गुरं. म्हणजे गुरांना असं कुठलं औषध देतात जे मूत्रपिंडाला घातक असू शकतं आणि पोटातून शोषलं जातं? गुरांवर उपचार करणाऱ्यांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली आणि नाव निघालं डायक्लोफेनॅक, साधं वेदनाशामक. ज्या गिधाडांच्या अंगात पांढरा थर होता त्यांच्या मूत्रपिंडात ते सापडलं, ज्यांच्यात थर नव्हता त्यांच्यात नाही. २००४ मधे हे प्रसिद्ध झालं, २००६ मधे तिन्ही देशांनी गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणायला सुरुवात केली, आणि गिधाडांना चालणारं मेलॉक्सिकॅम हे दुसरं औषध तपासून पुढे आणलं गेलं. तोपर्यंत काही जातींची ९५ टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली होती, ती संख्या अजून भरून आलेली नाही.

या गोष्टीत माणसांवर उपचार करणारा डॉक्टर कुठेच नाही. पक्षी मोजणारा आहे, पशुवैद्य आहे, पॅथॉलॉजिस्ट आहे, मूत्रपिंडाच्या तुकड्यातून औषध शोधणारा केमिस्ट आहे, औषधं शरीरात काय करतात ते अभ्यासणारा फार्माकॉलॉजीवाला आहे, किती गुरांच्या शरीरात औषध असलं तर किती गिधाडं मरतील हे गणिताने काढणारा आहे, औषधांचे नियम करणारी माणसं आहेत, आणि उरलेली गिधाडं वाढवणाऱ्या प्रजनन केंद्रात रोज काम करणारे लोक आहेत. प्रत्येकाच्या शिक्षणात कुठे ना कुठे बायोलॉजी आहे आणि प्रत्येकाकडे तिच्या जोडीला आणखी काहीतरी आहे. बायोलॉजी जोडीने चालते, हे मला तुला सगळ्यात ठासून सांगायचंय. बायोलॉजी आणि केमिस्ट्री म्हणजे औषधं, बायोकेमिस्ट्री. बायोलॉजी आणि कम्प्युटर म्हणजे बायोइन्फर्मॅटिक्स. बायोलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स म्हणजे साथरोगशास्त्र. चित्रकला चांगली असेल तर वैज्ञानिक चित्रं काढणं हाही खराखुरा व्यवसाय आहे, नव्या सापडलेल्या किड्याचा पाय कसा आहे ते दाखवायला आजही फोटोपेक्षा कित्येकदा रेखाचित्र जास्त कामाला येतं.

माझ्या स्वतःच्या कामाचं थोडं जवळून सांगते कारण लॅबमधे नेमकं काय करतात ते बाहेरच्यांना माहीत नसतं. पेशंटचं सॅम्पल येतं, ते लूपने, म्हणजे तारेच्या छोट्या कड्याने, प्लेटवर ओढायचं, ३५ ते ३७ डिग्रीला रात्रभर ठेवायचं, सकाळी वसाहती, म्हणजे जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, उगवलेल्या असतात. त्यातली एक उचलून नवीन प्लेटवर सगळीकडे सारखी पसरायची आणि वर वेगवेगळ्या ॲन्टिबायोटिक्सच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं तिथे औषध चाललं, मग त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमधे मोजायचा, तक्त्याशी ताडायचा, रिपोर्ट द्यायचा. वॉर्डमधला डॉक्टर त्या रिपोर्टवरून औषध ठरवतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका प्लेटवर मोठ्ठं छान मोकळं वर्तुळ होतं, आणि वर्तुळाच्या आत टाचणीच्या टोकाएवढ्या तीन वसाहती. मला वाटलं बाहेरून काहीतरी पडलं असेल, मी 'औषध चालतं' असं लिहायला घेतलं. आमच्या सीनियर मॅडमनी हात धरला आणि म्हणाल्या, त्या तीन उचल आणि वेगळ्या लाव. लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या प्लेटवर त्याच औषधाच्या चकतीला चिकटून वाढ होती, वर्तुळच नाही. म्हणजे पेशंटच्या शरीरात त्या औषधाला दाद न देणारे जिवाणू आधीपासून होते आणि माझा रिपोर्ट गेला असता तर ते औषध सुरू झालं असतं. कांद्याच्या स्लाईडवरचे बुडबुडे आणि हे, दोन्हीकडे लागते ती नजर एकच.

बाकी रस्त्यांवरून भरभर जाते. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, दातांचं काम, पॅथॉलॉजी लॅब, रेडिओग्राफी, ही सगळी डॉक्टर नसलेली पण पेशंटच्या जवळची कामं. औषध कंपन्यांमधे क्वालिटी कंट्रोल असतं, इंजेक्शनची बाटली निर्जंतुक आहे की नाही हे बघायला नमुना १४ दिवस वाढीच्या माध्यमात ठेवून रोज बघतात, चिकाटीच्या माणसाचं काम. अन्नप्रक्रिया, पाणी तपासणी, मत्स्यपालन, वनखातं, गुन्हेतपासातली फॉरेन्सिक लॅब, म्युझियम. शेतीतलं पीक पैदास हे मला स्वतःला फार सुंदर काम वाटतं. फूल उमलायच्या आधी चिमट्याने एकेक पुंकेसर काढून टाकायचा, कागदी पिशवी बांधायची, दुसऱ्या दिवशी हव्या त्या झाडाचा पराग आणून लावायचा, चिठ्ठी अडकवायची, आणि मग त्या बियांच्या पिढ्यांमागून पिढ्या निवडत जायचं, एक वाण शेतकऱ्याच्या हातात जाईपर्यंत बरेचदा दहा वर्षं लागतात.

आणि जीन्सचं जग. सिकल सेल ॲनिमिया तुझ्या धड्यात असेल. हिमोग्लोबिनच्या एका जीनमधे डीएनएचं एकच अक्षर बदलतं, जीएजीच्या जागी जीटीजी होतं, त्यामुळे एक अमिनो ॲसिड बदलतं आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. मानवी जीनोममधे, म्हणजे माणसाच्या सगळ्या डीएनएमधे, साधारण ३०० कोटी अक्षरं आहेत, त्यातलं एक! क्रिस्पर हे जीन कापायचं तंत्र २०१२ मधे इमॅन्युएल शार्पॉन्तिए आणि जेनिफर डाउडना यांनी मांडलं, २०२० मधे त्यांना नोबेल मिळालं, आणि २०२३ च्या शेवटी त्यावर आधारलेल्या सिकल सेलच्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. क्रिस्परचं मूळ मात्र जिवाणू स्वतःला व्हायरसपासून कसे वाचवतात या अभ्यासात आहे, तो करणारे लोक सिकल सेलवर काम करत नव्हते. या क्षेत्रात लॅबवाले लागतात तसे जेनेटिक काउन्सेलरही लागतात, घरात असा आजार असेल तर पुढच्या बाळाला तो व्हायची शक्यता किती हे त्या जोडप्यासमोर बसून समजावणारे. तिथे मेंडेलचा तोच ३ ला १ कामाला येतो, आणि सोबत माणसाशी हळुवार बोलता यावं लागतं.

आता जड बाजू, ती लपवणार नाही. नुसती बायोलॉजीची पदवी घेऊन थांबलीस तर नोकऱ्यांची निवड कमी राहते, हे माझ्या डोळ्यांसमोरच्या अनेक मुलांचं झालंय. पदवी करतानाच एक हातातलं कौशल्य धर, कोडिंग असो, लॅबचं तंत्र असो, डेटा हाताळणं असो, चांगलं लिहिणं असो. संशोधनात जायचं तर मास्टर्सनंतर पीएचडीला बहुतेकांची चार ते सहा वर्षं जातात, आणि त्यानंतरही कायमची जागा सगळ्यांना मिळत नाही. रोजचं काम बरंचसं तेच ते असतं, ४० प्लेट्स, ४० नोंदी, परत उद्या ४०. ज्याला प्रत्येक प्लेटमधे काहीतरी वेगळं बघायची ओढ आहे तो टिकतो, बाकीचे कंटाळतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. रक्त बघून चक्कर येते म्हणून विषय सोडू नको, माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांची ती सवयीने गेली, आणि नाही गेली तरी झाडं, जिवाणू, कम्प्युटर, समुद्र, भरपूर शाखा आहेत जिथे रक्ताचा संबंध येत नाही.

घरच्यांशी बोलताना 'मला आवडतं' एवढंच नको बोलूस. एखाद्या लॅबमधे, नर्सरीत, पशुवैद्याकडे, जिथे जमेल तिथे दोन-चार दिवस जाऊन नुसतं बसून ये, ती माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करतात ते लिहून आण, तिथपर्यंत पोचायला त्यांना काय शिकावं लागलं ते विचार, आणि ती वही घरी दाखव. पालक घाबरतात ते पुढचा रस्ता दिसत नाही म्हणून, मी पालकांच्या बैठकांमधे हे इतक्यांदा बघितलंय. आणि तुलाही कळेल की त्यातलं काय तुला रोज करायला आवडेल.

शेवटचं, तू विचारलंयस की आत्तापासून मायक्रोस्कोप घ्यावा का. आत्ता नको. १० पटीचं हातातलं भिंग घे, दोरीने गळ्यात अडकव, डोळ्याला अगदी चिकटवून धर आणि वस्तू भिंगाजवळ आण, बहुतेक जण उलटं करतात, भिंग लांब धरतात. नेचाच्या पानाची खालची बाजू बघ, तपकिरी ठिपके असतील, त्यात बीजाणूंच्या पिशव्या आहेत. ओल्या भिंतीवरचं शेवाळ बघ. घराजवळचं एकच झाड निवड आणि दर रविवारी त्याच फांदीची नोंद ठेव, नवीन पालवी कधी आली, फूल कधी, कुठला किडा कुठल्या पानावर, तारीख टाकून, आणि सोबत पेन्सिलने चित्र काढ. जे दिसलं नाही ते काढू नकोस. तीन महिन्यांनी ती वही मला दाखव, मग कुठली शाखा घ्यायची त्यावर बोलू.